फोल्डरवरचा चष्मा

कर्र… कपाटाचं दार आपणहून उघडलं आणि दुपारची शांतता त्या एका आवाजाने उसवली. वेलांटीबाईने श्वास रोखला. पलंगावर तिची छोटी लेक ठकी कुशीवर वळली, आणि… डोळे टक्क उघडे. झालं. आणखी तासभर मिळाला असता तर शेवटची दहा पानं हातावेगळी झाली असती.

वेलांटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पुस्तकं छापणाऱ्या एका लहानशा कचेरीसाठी ती घरून प्रुफं तपासायची, आणि तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नाही म्हणून तिथल्या मंडळींनी पाठीमागे हे नाव पाडलं होतं. तोंडावर ते घ्यायची हिंमत मात्र एकट्याचीच… कचेरीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या उंच, सावकाश बोलणाऱ्या माणसाची.

तो आज येणार होता. शेवटचा. शनिवारी ही नोकरी सोडून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला रुजू होणार होता, आणि मग या घराची पायरी चढायला त्याला काही निमित्त उरणार नव्हतं.

तसा दीड वर्षात तो चारदाच आला असेल. बाकी बहुतेक फोनवर. कॉम्प्युटर अडला की ती फोन लावायची आणि तो पलीकडून विचारायचा, आता काय दिसतंय? ती सांगायची. आणि आता? हळूहळू पडद्यावरचं सांगून संपलं तरी फोन खाली ठेवला जाईना. मग ती समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले मोजे सांगायची, ठकीने भिंतीवर काढलेला हत्ती सांगायची. ठकीचे बाबा आजारपणात गेले त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून काय कर आणि काय करू नको हे सांगणारे पुष्कळ भेटले; तुला काय दिसतंय, असं विचारणारा हा एकटा.

तो आला तो खिशात स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम घेऊन. फायली ठेवायचे सगळे फोल्डर दिसायला एकसारखे, पिवळे. हा प्रोग्राम त्यांना हवा तो रंग द्यायचा, वर हवं ते चित्र बसवायचा. ठकीला अजून वाचता येत नव्हतं. तिच्या गाण्यांवर त्याने बेडूक बसवला, चित्रांवर छत्री. ठकीने स्वतः माऊस धरून बेडूक उघडला, गाणं लागलं, आणि धाकट्या बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

"आत काहीच बदलत नाही," तो म्हणाला. "फक्त वरचं रूप."

"मग उपयोग काय?"

"सगळं सारखं दिसलं की… नेमकं हवं तिथे हात जात नाही."

एक गोष्ट तिने टिपली होती. सगळ्या फोल्डरना रंग देताना 'ठकीचे बाबा' एवढ्या एकाला त्याने हात लावला नव्हता. विचारलं नाही, सांगितलं नाही. नुसता वळसा घालून पुढे गेला.

वेळ वाचावा म्हणून त्याने आपल्या कॉम्प्युटरवरची, कुठल्या नावाला कुठलं चित्र याची यादी जशीच्या तशी तिच्याकडे उतरवली. 'पत्रं' असं नाव दिलं की आपोआप लिफाफा यायचा, 'फोटो' म्हटलं की कॅमेरा. तो वायरी गुंडाळू लागला, आणि ती एकेक नाव देऊन गंमत बघत बसली. चोरून लिहिलेल्या चार ओळी ठेवायला स्वतःचाही एक फोल्डर हवा, असं तिच्या मनात आलं. तिने मिस्कीलपणे टाइप केलं – वेलांटीबाई.

पिवळा चौकोन क्षणभर तसाच राहिला. मग तिथे एक चष्मा उमटला. काळ्या काड्यांचा… एका काडीला लाल दोरा गुंडाळलेला.

ती बघतच राहिली. दीड वर्षापूर्वी ठकीने काडी मोडली, म्हणून ती दोरा बांधून पहिल्यांदा कचेरीत गेली होती. दुसऱ्या दिवशी नवा चष्मा आला. म्हणजे दोरा त्याने पाहिला तो त्या एकाच दिवशी.

"हे आपोआप आलं," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "यादीतली ती ओळ… काढायची राहिली."

"म्हणजे तुमच्याकडे या नावाचा फोल्डर आहे."

"आहे."

"काय आहे त्यात?"

त्यात तिने कामासाठी ईमेलने पाठवलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्याने खाली मान घालून सांगितलं. प्रिंटर पुन्हा रुसलाय, इथपासून सगळ्या. चित्र त्यानेच काढलं होतं. चार दिवस लागले, दोरा काही केल्या जमेना.

तिने पडद्याकडे निरखून पाहिलं. सवय ती सवय. "चूक आहे. दोरा उजव्या काडीला होता, तुम्ही डावीकडे काढलाय."

"मला समोरून डावीकडेच दिसला होता," तो हळूच म्हणाला.

ती हसली. मग हसू ओसरलं, आणि खोलीत फक्त बेडकाचं गाणं राहिलं.

"काढून टाकू ती ओळ?" त्याने विचारलं. "मिनिटाचं काम आहे."

त्याचा हात माऊसपाशी येऊन थांबला होता. तिने हो म्हटलं असतं तर तो मुकाट्याने ओळ पुसून, चपला घालून गेला असता. पुन्हा कधी विषय काढला नसता. एवढं ती त्याला ओळखत होती. तिला भीती वाटली… आणि आश्चर्य म्हणजे, ती त्याच्या राहण्याची नव्हती, जाण्याची होती.

"राहू दे," ती म्हणाली.

दारापर्यंत जाऊन तो घुटमळला. "शनिवारनंतर मी काय… तुमचा कॉम्प्युटर बिघडायची वाट बघत बसू?"

"तो नाही बिघडायचा आता. तुम्हीच नीट केलाय."

"मग काम नसताना आलो तर?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "या. रविवारी. काम नसतानाच या."

तो जिना उतरला तो दोन-दोन पायऱ्या गाळत. दार लावून ती वळली, तर ठकी खुर्चीवर गुडघे टेकून, कपाळाला आठ्या घालून तिच्याकडेच बघत होती.

"आई," ठकी म्हणाली, "काम नाही, तर मग ते कशाला येणार?"