डाव्या कडेची धूळ

"पुसायला अगदी मऊ कापड हवंय... ओरखडा उठणार नाही असं," ती दारातूनच म्हणाली.

चष्म्याच्या दुकानातल्या तरुणाने मान वर केली. "चष्मा बघू."

"चष्मा नाही, पिनबॉलचं मशीन पुसायचंय."

"केवढं आहे?"

तिने दोन्ही हात पसरले. त्याने त्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "एवढ्या मोठ्या नाकाचं गिऱ्हाईक आमच्याकडे अजून आलेलं नाही."

ती खुदकन हसली आणि हसल्याबद्दल लगेच घाबरली. तशी ती कशालाही घाबरायची. लिफ्टला, पालीला, फोनवर अनोळखी नंबर दिसला तर त्यालाही. मामा तिला भागूबाईच म्हणायचा. भित्री हा शब्द न बोलताच सगळ्यांना कळायचा. रस्त्यापलीकडे मामाचं खेळांचं दालन होतं आणि तिथली जुनी पिनबॉल मशीनं साफ करून त्यांना मेण चढवणं हे तिचं काम. त्या मशीनांपाशी मात्र तिचा हात कधी कापत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दालन उघडण्याआधी, तो कापडांचा गठ्ठा घेऊन स्वतःच हजर झाला.

"गिऱ्हाईकाचं नाक बघायला आलोय."

"आलात तर काच धरा," ती म्हणाली. एवढं धीट वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं, तिलाच कळेना. "दोन्ही हातांनी. कोपरा फरशीला लागला तर अख्ख्या काचेचा चुरा होतो."

वीज बंद केलेली होती. काच सरकवून बाहेर काढली, पोलादी गोळा वाटीत ठेवला, आणि आतला रंगीत पट उघडा पडला. बोटी, लाटा, एक लाल शिडाचं जहाज... आणि गोळा फिरून फिरून पडलेल्या काळ्या रेघा. तिने रबराची कडी एकेक करून उतरवली, धूळ ओढून घेतली, कापडाला जरासं औषध लावून काळं काढलं, मग बोटाला मेण घेतलं.

"किती लावायचं?" त्याने विचारलं.

"पातळ. लावलंय असं वाटता कामा नये."

"म्हणजे एखादी व्यक्ती आवडते पण सांगता येत नाही... तसं?"

"तसं नाही. मेण निदान पुसून तरी काढता येतं."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तो तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवून, तिच्यासारखेच लहान लहान गोल काढायला लागला.

मग तो जेवणाच्या सुट्टीत रोज यायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. मामा गल्ल्यावर बसून मुद्दाम खोकायचा, ती मुद्दाम ऐकायची नाही.

एके दुपारी मेण वाळून धुरकट झालं होतं आणि ती ते पुसून चमक काढत होती. तो डाव्या कडेकडे बघत म्हणाला, "ही बाजू राहिली."

"कुठली?"

तिने मान पार वळवली, तेव्हा कुठे दिसलं. डाव्या कडेने बोटभर रुंद धूळ, जशीच्या तशी.

"काल पण राहिली होती," तो म्हणाला. हसला नाही.

"असेल. तो कोपऱ्यातला दिवा आधी बंद कर ना... सारखा लुकलुकतोय, लक्षच लागत नाही."

"कुठला दिवा?" तो हळूच म्हणाला. "वीज तर तूच बंद केलीस..."

लुकलुक अजून चालूच होती. दिव्यात नव्हती ती. तिच्या डोळ्यात होती.

"उजवा डोळा झाक," तो म्हणाला. "माझं बोट कुठे नाहीसं होतं ते सांग."

तिने डोळा झाकला. डावीकडून एक काळा पडदा आत आला होता, पहाटेपेक्षाही पुढे. तिला तो माहीत होता. काही दिवस ती त्याच्याशी लपंडाव खेळत होती, मान वळवून, कूस बदलून... पाहिलं नाही की तो नाही.

"सगळं दिसतंय मला," ती म्हणाली.

"मी डॉक्टर नाही गं. पण डोळ्याच्या आतला पडदा सुटत असेल तर आजच्या आज दाखवायला हवं. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याला ती जितकी घाबरली, तितकी जन्मात कशाला घाबरली नव्हती.

"तुझी कापडं घे आणि जा!" ती ओरडली. "माझे बाबा दिसत्या डोळ्यांनी ऑपरेशनला गेले होते... हात धरून घरी आणावं लागलं त्यांना. मी जाणार नाही!"

तो गेला, पण सरळ गल्ल्यापाशी. "माझ्यावर चिडली तरी चालेल," त्याने मामाला सांगितलं, "पण हिला आज न्या."

मामा आला तेव्हा ती मशीनच्या मागे गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तो तिच्याशेजारी फरशीवरच टेकला.

"ऑपरेशनने नाही गेले बाबांचे डोळे," तो म्हणाला. "महिनाभर लपवलं त्याने, भीतीपोटी. नेलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. लेकीसमोर भित्रा ठरू नये म्हणून आम्ही खापर ऑपरेशनवर फोडलं, झालं... ऊठ भागूबाई. घाबरतच चल, पण चल."

ती घाबरतच गेली. डॉक्टर म्हणाले, पडदा सुटलाय, पण मधल्या भागापर्यंत पोचलेला नाही. उद्या सकाळीच करू. सकाळी ऑपरेशनच्या खोलीच्या दारात तिचे दात वाजत होते.

"मला खूप भीती वाटते."

"मलाही," हाकलूनही आलेला चष्मेवाला म्हणाला.

"तुला कसली?"

तो सांगणार, तेवढ्यात दार लागलं.

पुढचे दिवस पालथं पडून काढायचे होते. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, तो पडद्याला दाबून धरणार. मान वर करायची नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्याला दिसत होती नुसती फरशी. पडदा चिकटला नाही तर? दुसराही सुटला तर? खाटेला उशाशी चेहऱ्यापुरतं भोक होतं, त्यातून फरशीकडे बघत ती तेच तेच घोकत होती.

एवढ्यात फरशीवर दोन बूट सरकले. मग गुडघे... आणि मग चक्क तो उताणा होऊन खाटेखाली सरकला. त्याचा चेहरा बरोबर तिच्या चेहऱ्याखाली आला.

"अहो," नर्स ओरडली, "पेशंट नक्की कोण आहे इथे?"

"मिनिटभर, सिस्टर."

ती कुजबुजली, "दिसलंच नाही तर?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "खोटा धीर देता येत नाही मला. पण मला कसली भीती वाटत होती, ते सांगायचं राहिलं."

"सांग."

"की तू बरी होशील, आणि मग तुझ्याकडे यायचं माझं निमित्तच संपेल. ...मला निमित्ताशिवाय यायचंय. रोज."

टप्पकन एक थेंब त्याच्या गालावर पडला.

"रडायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"माझ्यासारख्या भित्रीबरोबर कसं होणार तुझं?"

"आणि मी काय शूर आहे? तुला पळून जाता येणार नाही अशी वेळ गाठून सांगतोय!"

ती हसली. हसताना मान हलू नये म्हणून त्याने खालून दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून ठेवला... आणि हसू थांबल्यावरही सोडला नाही.

बुडबुडा हळूहळू विरत गेला. काळा पडदा परत आला नाही. दाराची चौकट जराशी वाकडी दिसायची, ती तशीच राहील म्हणाले डॉक्टर. भीतीही पुरती गेली नाही. सकाळी जाग आली की ती अजून आधी उजवा डोळा झाकून बघायची.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी तो समोर येऊन उभा राहिला. "नुसत्या डाव्या डोळ्याने बघ. कसा दिसतो मी?"

"थोडा वाकडा."

"डोळ्यामुळे, की आहेच मी तसा?"

"ते..." तिचा आवाज कापला, पण या वेळी वाक्य पुरं झालं, "ते लग्नानंतर सांगेन."