पुढे टाकलेला गळ

नोलाने सकाळी थर्मासमध्ये चहा भरला, चीजची सँडविचं बांधली, दाराशी उभं राहून रोजच्यासारखे देवाचे दोन शब्द म्हटले आणि ऑकलंडहून आलेल्या डेस्मंडला घेऊन ती नदीवर आली. गाडी अलीकडे ठेवून दोघं पाण्यातून पलीकडे गेली. ट्राउट मासा दाखवायचा, गळ टाकायला शिकवायचं आणि आलेला माणूस सुखरूप परत न्यायचा, हे तिचं काम.

दुपार झाली तरी मासा लागेना.

"नदीत मासे आहेत ना बाई, की मला नुसतं आंघोळीला आणलंय?"

"आहेत हो. तुमची सावलीच आधी जाऊन त्यांना उठवते, त्याला मी काय करू?"

वळणावर नोला थबकली. वरच्या डोहात कमरेइतक्या पाण्यात एक म्हातारा पाठमोरा उभा होता. त्याची गळाची काठी मागेपुढे झुलत होती, पण दोरीचा सणसणाट ऐकू येत नव्हता.

"चला मागे. जो आधी आला त्याच्या पुढे जाऊन गळ टाकायचा नाही. आमच्याकडे ते तोंडावर थुंकल्यासारखं असतं."

"नदी काय त्याच्या बापाची आहे?"

ती नको नको म्हणत असताना डेस्मंड वळसा घालून म्हाताऱ्याच्या थेट पुढ्यात उतरला. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर टेकली न टेकली तोच ट्राउट लागला. त्याने तो दगडावर आपटून मारला. म्हाताऱ्याने मान वळवली ती नोलाकडे. या माणसाला इथवर तीच घेऊन आली होती.

परतताना पाणी गढूळ झालं होतं, चढत होतं. कुजक्या शेवाळाचा वास सुटला. वर डोंगरात पाऊस कोसळला असावा.

"आत्ताच पार व्हायला हवं. माझ्या सॅकच्या पट्ट्यात हात अडकवा, मी तुमच्या पट्ट्यात अडकवते. नजर पलीकडच्या काठावर. काही झालं तरी सोडायचं नाही."

ती पाण्याशी उभी राहिली. पट्ट्याखालून हात आला. तिने आपला हात शेजारच्या ओल्या पाठीवर घट्ट रोवला आणि पाऊल टाकलं.

मध्यावर तो हात तिला वरच्या अंगाला ओढू लागला.

"ओढू नका हो... तिकडे खोल आहे..."

पकड आवळली.

"अहो बाई!" मागे काठावरून डेस्मंड ओरडला. "कुणाबरोबर चाललात? मी अजून बूट बांधतोय..."

नोलाने शेजारी पाहिलं नाही. देवाचं नाव घेत तिने सॅकमधून खांदे सोडवले आणि धडपडत मागे फिरली. सॅक वाहून गेली नाही. खांद्याइतक्या उंचीवर तरंगत, लोंढ्याला कापत पलीकडे गेली आणि जिथून त्यांना बाहेर पडायचं होतं, नेमकी तिथे टेकली. पट्टे त्यांच्याकडे तोंड करून.

"आता...?" डेस्मंडने बूट अर्धवट बांधलेला तसाच सोडला.

तिने त्याचा हात धरला. "घाबरू नका. पाणी उतरेल. मी मागते देवाकडे."

तिने डोळे मिटून प्रार्थना केली. उघडले, तेव्हा पाणी खरंच उतरत होतं. दोन्ही बाजूंनी लोंढा गर्जत होता. फक्त त्या सॅकपासून निघालेली एक वाट मोकळी होत होती. एकेक दगड वर येत होता... त्यांच्याच दिशेने.

"उतरलं!" डेस्मंड उठला. "चला ना बाई, उतरलं की..."

शेवटचा दगड नोलाच्या बुटाला घासून वर आला, पुढ्यात टाकलेल्या गळासारखा.