झेंड्यांपलीकडचा बर्फ

बूट शेगडीपासून जरा लांब ठेवा गं पोरींनो. ओले आहेत म्हणून भाजायचे नसतात, तळवे सुटतात, आणि मग वर गेल्यावर माझ्या नावानं खडे फोडाल. हां, तिथं. आणि तो काउंटरवरचा ग्लास तसाच राहू दे. हात लावू नकोस म्हटलं ना! का ते सांगतो. आधी बसा. वीज काही इतक्यात येत नाही.

उद्या तुम्ही बायकांच्या त्या तुकडीबरोबर हिमनदीवर चढाई शिकायला जाणार. जा की. मी कशाला आडकाठी घालू? उभा जन्म या दुकानात बूट, दोर आणि कुऱ्हाडी भाड्यानं देण्यात गेला. पण वर जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो, पाणी कुठलं पिणार? सगळे हसतात. माझी मेहुणीही हसली होती.

मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. सांगतो ते तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही. ती हॉस्पिटलच्या धुलाईघराची मुख्य. रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरी दिवसभर बघून बघून तिला जगातल्या प्रत्येक वस्तूवर डाग दिसायला लागला होता. आमच्या घरी आली की पर्समधून स्वतःचा ग्लास काढायची. तो पुसायची. मग ज्या रुमालानं पुसला त्याचा वास घ्यायची. मी म्हणायचो, "मेहुणीबाई, पाण्यालाही साबण लावून देऊ का?" ती म्हणायची, "भाऊजी, तुम्ही गप्प बसा. तुमच्या मिशीला चहा लागलाय." आणि लागलेला असायचाच.

हसण्यावारी नेलं आम्ही, पण तिच्याबरोबर जेवायला कोणी बसेनासं झालं होतं. माझी बायको एकदा तोंडावरच म्हणाली, "तुझ्यासमोर घास गिळायचा म्हणजे परीक्षा दिल्यासारखं वाटतं गं."  पुढच्याच महिन्यात मेहुणी इथं आली बूट मागायला. "जिथं माणसाचा हात लागलेला नाही असं काहीतरी एकदा बघायचंय, भाऊजी. नुसतं पांढरं." मी तिच्या मापाचे नवे कोरे बूट काढून दिले. जुने तिनं घातलेच नसते.

वर चौघीजणी शिकायला, आणि पाचवी त्यांची गाइड. मेहुणीखेरीज एक बस चालवणारी, एक दातांची डॉक्टर, आणि एक कॉलेजातली मुलगी, तिला सगळ्या बारकी म्हणायच्या. गाइडबाई कडक. बुटाला काटे बांधून बदकासारखं फेंगडं चालायचं, हे पहिलं. मग दोर. एकाच दोरावर पाचजणी ओवलेल्या. हिमनदीला भेगा असतात, आणि वरून बर्फ साचला की त्या झाकल्या जातात. एक भेगेत गेली की बाकीच्यांनी जिथल्या तिथं आडवं पडायचं, कुऱ्हाड रोवायची आणि धरून राहायचं. विचार करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मेहुणीच गेली. कमरेपर्यंत. पायाखाली काही नाही म्हणजे काही नाही, खालून नुसता थंडगार वारा. मागच्या बसवालीनं अंग झोकून दिलं आणि दोर ताणून धरला. वर ओढल्यावर तिनं मेहुणीला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. तिच्या नाकाचं पाणी मेहुणीच्या गालाला लागलं. मेहुणीनं ते कितीतरी वेळ पुसलं नाही. हसू नका, तिच्यासाठी शिखरच होतं ते. त्या रात्री चौघींनी तिला मध्ये झोपवलं. घरी सख्खी बहीण तिच्या पंगतीला बसत नव्हती, आणि इथं चार परक्या बायका तिच्या ताटातला बिस्किटाचा तुकडा विचारल्याशिवाय उचलत होत्या. ती मला म्हणाली, "भाऊजी, मला तो तुकडा त्यांना द्यावासा वाटत होता."

आता पाण्याचं. वर नळ नसतो. बर्फ वितळवायचा आणि प्यायचं. म्हणून गाइडबाईंचा नियम: तंबूच्या वरच्या अंगाचा बर्फ प्यायला, खालच्या अंगाला बाकीचं सगळं. ते "बाकीचं" पिशवीत बांधायचं आणि आपापल्या पाठीवर घेऊन खाली यायचं. हो, तुम्हालाही. तोंडं वाकडी करू नका, अजून काही ऐकलं नाहीत. आणि दुसरा नियम, लाल झेंड्यांच्या पलीकडे जायचं नाही. झेंड्या सुरक्षित जागेची हद्द दाखवतात.

जूनमधला दुसरा शनिवार होता. पौर्णिमा दोन दिवसांवर. शिखराकडे मध्यरात्री निघायचं ठरलं होतं, कारण उन्हानं बर्फ सैल होतो. म्हणून संध्याकाळीच खाऊन सगळ्यांनी झोपायचं. पाणी आणायची पाळी मेहुणीची.

ती पिशवी आणि फावडं घेऊन वरच्या अंगाच्या खड्ड्याशी गेली. बघते तर बर्फावर काळी धूळ, तीत मेलेले पतंग, आणि शेवाळाचा एक गुलाबी चट्टा. चार दिवस त्याच खड्ड्यातलं पाणी पीत होत्या, रोज दुसरी कोणीतरी आणत होती म्हणून हिला दिसलं नव्हतं.  आणि तिथून वीसेक पावलांवर, झेंड्यांपलीकडे, एक पट्टा होता. त्यावर पाऊल नाही, धूळ नाही, पाखराची विष्ठासुद्धा नाही. तिनं मागं बघितलं. गाइडबाई तंबूत दोर गुंडाळत होत्या.

झेंड्यांपाशी आडवी पडून, सरपटत, ती हातभर पलीकडे गेली आणि खणलं. वरचा भुसभुशीत थर निघाला, आणि खाली निळसर, काचेसारखा बर्फ. इतका स्वच्छ की तिला भरून आलं. आपल्या माणसांना एकदा तरी चांगलं पाणी पाजू, असं वाटलं तिला. तिनं पिशवी गच्च भरली.

पातेल्यात बर्फ वितळला, त्याचंच सूप केलं. बसवालीनं पहिला घोट घेतला आणि ओठ चाटले. "अगं बाई, काय गोड पाणी आहे!" डॉक्टरणीनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. बारकी तर पातेलंच पुसायला निघाली होती. गाइडबाई कधी कोणाचं कौतुक करायच्या नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या, "पाणी आणायचं काम आता हिलाच द्या."

मेहुणीनं आपला कप नाकाजवळ नेला.

धुलाईघरात वेगळी बांधलेली गाठोडी येतात. मेलेल्या माणसाच्या अंगाखालची चादर असते त्यात. ती गाठ सोडण्याआधीच तिला वासावरून कळायचं.

तोच वास.

सुपावर चरबीची पातळ साय धरली होती. तिनं कप हलवला तर साय एका बाजूला सरकली आणि पुन्हा मिटली. पातेल्यात उरलेल्या सुपात तिनं टॉर्च मारला. तळाशी काहीतरी चंद्रकोरीसारखं. नख होतं. माणसाचं. त्यावर नेलपॉलिश अर्धं उडालेलं.

बोलायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण बोलली असती तर झेंड्या ओलांडल्याचं निघालं असतं. गाइडबाईंनी खाली धाडलं असतं. आणि त्या चौघी? त्यांनी पुन्हा कधी तिच्या ताटाला हात लावला असता? ती गप्प बसली. तंबूची चेन बोटभर उघडून आपला कप बाहेर ओतला आणि रिकामा कप ओठाला लावून प्यायल्याचं सोंग केलं. सकाळी सांगू, असं ठरवून पडून राहिली. पातेलं झाकण लावून दाराशी ठेवलं.

अकराच्या सुमारास आवाज सुरू झाला.

चट्... चट्...

झोपेत बारकी ओठ चाटत होती. मग बसवाली. मग चौघीही... एकाच लयीत. तंबूच्या कापडातून चांदणं आत झिरपत होतं, सगळं दिसत होतं. डॉक्टरणीनं दोन बोटं तोंडात घातली. डोळे मिटलेलेच. एक केस बाहेर ओढला. लांब. ओढत राहिली... ओढत राहिली... केस संपेना. आणि तिचे स्वतःचे केस, पोरींनो, कानापर्यंतच होते.

मेहुणीनं तोंडावर हात दाबून धरला. 

चौघी उठून बसल्या.

"थंडी..." बसवाली म्हणाली.

"...फार थंडी होती खाली," बारकी म्हणाली.

आवाज एकच. चौघींच्या तोंडून, एकीचाच. ओला... जिभेखाली पाणी साठल्यासारखा.

"सगळ्यांनी घेतलं मला," डॉक्टरीण म्हणाली.

गाइडबाईंनी मान वळवली. डोळे मिटलेले. तोंड बरोबर मेहुणीच्या दिशेला.

"...तू नाही घेतलंस."

 समोरच्या चौघी वाट बघत होत्या. 

मग गाइडबाईंनी दाराची चेन उघडली. अनवाणी बाहेर पडल्या. मागोमाग बाकीच्या. ना बूट, ना दोर. झेंड्यांच्या दिशेनं.

मेहुणी धावली. हाका मारल्या. बसवालीच्या मुस्काटात मारली. बारकीला कमरेला धरून मागं ओढलं तर ती पोरगी हिलाच फरफटत पुढं घेऊन चालली. अंग बर्फासारखं आणि बुळबुळीत. दोर बांधायला वेळ नव्हता. आणि बांधून एकटी किती जणींना धरणार?

झेंड्या दहा पावलांवर...

तू नाही घेतलंस.

तिला कळलं. हिनं घेतल्याशिवाय ती बर्फाखालची बाई चौघींना सोडणार नव्हती. ज्या बाईनं बहिणीच्या घरचा ग्लास कधी ओठाला लावला नाही, ती तंबूकडे पळत गेली आणि पातेलं उचललं. वर बर्फाचा पापुद्रा. त्याखाली साय. त्याखाली सूप. तिनं बोटानं पापुद्रा फोडला.

आणि प्यायली.

साय टाळूला चिकटली. वास नाकातून मेंदूत गेला. अंग उलटून येत होतं, ती गिळत होती. केसांचं वेटोळं घशात अडकलं... तिनं ते बोटानं आत ढकललं आणि गिळलं. शेवटी ते नख दातावर वाजलं. तेही गिळलं. पातेलं उपडं केलं. तोंड पुसलं नाही.

शांतता.

झेंड्यांपाशी चौघी थांबल्या होत्या. गाइडबाईंचं एक पाऊल पलीकडे पडलेलं. मग बारकी मटकन खाली बसली आणि रडायला लागली, स्वतःच्या आवाजात. "माझे पाय... माझे पाय कुठायत?"

पाय वाचले सगळ्यांचे. बारकीचं एक बोट सोडून. रात्रभर मेहुणीनं एकेकीची पावलं आपल्या उघड्या पोटाला लावून शेकली आणि शेकता शेकता सगळं कबूल केलं. कोणी रागावलं नाही. कोणाला रागवायचं बळच नव्हतं. उजाडल्यावर गाइडबाईंनी कमरेला दोर बांधला, सरपटत झेंड्यांपलीकडच्या त्या खड्ड्यापाशी गेल्या आणि आत डोकावल्या. परत आल्या आणि भडाभडा ओकल्या. नंतर बचाव पथकाची माणसं आली, त्यांनी मोठं खणकाम केलं. काय मिळालं ठाऊक आहे? निळ्या बर्फात एक पोकळी. बाईच्या आकाराची. एक हात डोक्यावर घेतलेला. पाचही बोटं स्पष्ट.

आत कोणी नव्हतं.

मेहुणी आता ओळखू येणार नाही तुम्हाला. कोणाच्याही ताटात जेवते, कोणाच्याही कपातला उरलेला चहा पिते. माझी बायको खूश आहे. म्हणते, डोंगरानं माझ्या बहिणीला माणसात आणलं. मीही मान डोलावतो.  तिनं चार जीव वाचवले, आणि तरी खरं सांगतो, तिच्या समोर बसलो की मला घास जात नाही. मलाच लाज वाटते त्याची.

आज संध्याकाळी आली होती, अजून उजेड होता तेव्हा. बहिणीसाठी औषध ठेवून गेली. पाणी मागितलं तिनं. तो ग्लास मी स्वतः विसळून भरून दिला. दुकानात आम्ही दोघंच, आणि मी काही प्यायलो नाही. ती प्यायली, ग्लास काउंटरवर, शेगडीच्या बाजूला ठेवला आणि गेली. तेव्हापासून तो तिथंच आहे.

मेणबत्ती घे. जवळ जा. हात नको लावू, नुसतं बघ. अलीकडच्या काठावर तिच्या ओठांचा ठसा दिसतोय? वाळलाय. बरोबर, वाळणारच.

आता पलीकडून ये. समोरचा काठ बघ.

शेगडीची धग लागतेय ना हाताला?

...मग हा दुसरा, ओठांचाच ठसा अजून बर्फाचा कसा?