खुर्चीतल्या रिकाम्या जागा

शिंपीमास्तरांना बायकोची सगळी मापं तोंडपाठ होती. खांदा, गळा, बाही, मनगट. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आकडा चुकला नसता. चेहरा मात्र ती वारल्यापासून दिवसेंदिवस पुसट होत चालला होता. घरात तिचे फोटो होते, पण कॅमेरा समोर आला की बाई दातांत टाचणी धरल्यासारखी ताठ व्हायची, त्यामुळे फोटोतली ती मास्तरांना परकीच वाटे. त्यांना हवी होती ती खिडकीपाशी खुर्चीत बसून डाव्या हाताने काजं करणारी, मान जराशी कललेली. आपण तिला विसरतोय या विचारानं त्यांना भरदिवसा रडू यायचं.

म्हणून त्यांनी रद्दीच्या दुकानातून घरच्या घरी चित्रकला शिकवणारं एक जाडजूड पुस्तक आणलं. साठी उलटल्यावर हे काय नवीन खूळ, असं मुलगी म्हणाली खरी, पण पेन्सिली तिनेच आणून दिल्या.

पहिला धडा चेहऱ्याचा होता. नवशिके डोळे नेऊन कपाळावर बसवतात, असं त्यात बजावलं होतं. डोळे असतात डोक्याच्या मधोमध. मास्तरांची सुरुवातीची सगळी तोंडं अगदी बेडकासारखी झाली. बापलेक पोट धरधरून हसले. पुढे डोळे जागेवर आले, पण चेहरा काही तिचा होईना.

त्यानंतरचा धडा वेगळाच होता. वस्तू काढू नका, तिच्या आजूबाजूची रिकामी जागा काढा. माहीत आहे ते विसरा, दिसतं तेवढंच काढा. कापून उरलेल्या तुकड्यांवरून सदरा ओळखणाऱ्या माणसाला हे चटकन पटलं. त्यांनी बायकोच्या खुर्चीसमोर स्टूल ठेवलं आणि पाठीच्या पट्ट्यांमधल्या फटी काढायला घेतल्या.

संध्याकाळी मुलीनं कागद बराच वेळ निरखला.

"बाबा, खुर्चीवर काही ठेवलं होतंत का?"

"नाही."

"मग मागच्या पट्ट्या कुठे गेल्या?"

"दिसल्या नाहीत," मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात नंतर आलं.

दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या हाताखालची जागाही कागदावर बुजली. त्यांनी पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. खुर्ची समोर रिकामीच असे, कागदावर मात्र रिकामी जागा कडेकडेनं उरत जाई, आणि मधल्या पांढऱ्या कागदाला हळूहळू खांदे फुटले, मान आली, ती जराशी कलली. मास्तरांनी पट्टी लावून हिशेब केला. खांदा तिचाच होता. पण आत काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद. एकदाच तोंड दिसू दे, एवढंच त्यांनी मागितलं.

शेवटच्या धड्यात कागदाकडे पाहायला मनाई होती. नजर समोर ठेवायची, पेन्सिल सावकाश चालवायची आणि काही झालं तरी मान खाली घालायची नाही. भर दुपारी, स्वच्छ उजेडात, तिचा चेहरा जिथे असायचा तिथे डोळे लावून मास्तर बसले.

पेन्सिल चालू लागली. थोड्या वेळानं त्यांना वाटलं, हात पेन्सिल नेत नाहीये, पेन्सिल हाताला नेतेय.

त्यांनी खाली पाहिलं नाही.

पेन्सिल थांबली. मग पाहिलं.

चेहरा पुरुषाचा होता. गळ्यात टेप, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. खुर्चीतून दिसावेत तसे ते स्वतःच होते.

सगळ्या रेघा उलट्या बाजूला कललेल्या, डावऱ्या हाताच्या. डोळे पार कपाळावर. नाक खोडून खोडून पुन्हा काढलेलं. तोंड नव्हतंच, तिथे इतकं खोडलं होतं की कागद झिजला होता. मास्तरांनी खोडरबराला हातही लावला नव्हता.

त्यांना हुंदका फुटला. तिलाही त्यांचा चेहरा आठवेनासा झाला होता.

त्यांनी डोळे पुसले, कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि दोन्ही खुर्चीवर ठेवलं. स्टूल उजेडाकडे सरकवलं आणि न हलता बसले.

संध्याकाळी मुलगी आली. तिनं हाक मारली, मग जवळ येऊन खांद्याला हात लावला.

"बाबा, बोला ना. काय झालं?"

मास्तर ओठ मिटून तसेच बसून राहिले. तोंड अजून काढून व्हायचं होतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, डाव्या हाताच्या बाजूला, खोडरबराचा चुरा अजून पडत होता.