दोन सुया

चांद्रवाहन उताराला लागलं तेव्हा मागच्या बाकावर डॉ. शेवडे विव्हळत होते. खाणीतल्या दरडीखाली त्यांचा पाय चिरडला होता आणि त्यांना लवकरात लवकर तळावरच्या शस्त्रक्रियागृहात पोचवायला हवं होतं. पुढे इरावती धुमाळ आणि याकूब मुल्ला, दोघांच्या डोक्यावर तारांचे टोप. वाहनात हाताने फिरवायचं चाक नव्हतं. दोघांनी मनात धरलेली दिशा टोप टिपत, आणि शेवड्यांनीच बनवलेलं 'समसुकाणू' तिची सरासरी काढून वाहन वळवी.

इरावतीला ते कधीच रुचलं नव्हतं. शेवड्यांना बोलतं ठेवायचं म्हणून तिने विचारलं, एकच चालक का नको?

"एकटा माणूस दमला की जास्त वळवतो," ते धापा टाकत म्हणाले. "दुसरा कमी वळवतो. बेरीज करून दोनाने भागलं की चुका एकमेकींना खाऊन टाकतात."

"आणि दोघंही बरोबर असले तर?"

ते काही बोलणार तोच वळणाआडून घराएवढा खडक समोर आला. भुसभुशीत धुळीत ब्रेक लागेनात. खडकाच्या दोन्ही बाजूंनी वाट होती. डावीकडे काळोख होता, म्हणून इरावतीने उजवी बाजू मनात धरली. उजवीकडे जमीन कललेली, म्हणून याकूबने डावी. पडद्यावर तिची सुई अधिक वीस अंशांवर, त्याची उणे वीसवर. सरासरी शून्य. वाहन सरळ खडकाकडे निघालं.

त्याचंच ऐकू, असं ठरवून तिने डावीकडचा विचार केला. नेमकं त्याच क्षणी याकूबने तिचं ऐकायचं ठरवलं. दोन्ही सुया एकमेकींना ओलांडून पलीकडे गेल्या. सरासरी दाखवणारी मधली सुई जागची हलली नाही.

बोलायला वेळ नव्हता. आपण पुन्हा बदललं तर तोही बदलेल, हे तिला कळून चुकलं. तिने टोप ओरबाडून काढला.

आता आकडा एकच उरला, आणि एका आकड्याची सरासरी म्हणजे तोच आकडा. वाहन गर्रकन उजवीकडे वळलं, कललं, खडकाला घासत पुढे गेलं आणि कसंबसं सावरलं.

"तुझी बाजू घेतली मी," याकूब म्हणाला. "चुकीची वाटत होती. अजूनही वाटते."

मागून शेवड्यांनी क्षीण आवाजात इरावतीला टोप घालायला सांगितलं. उतार अजून बराच होता, आणि लांबवर आणखी एक खडक दिसू लागला होता.

"घालते, सर," ती म्हणाली. "याकूब, तो खडक तू कुठल्या बाजूने घेणार, ते आधी सांग."