पाठ फिरवल्यावर आलेला कौल

“काय हो राखणदार, मी या वर्षी तरी पास होणार का?”

हा प्रश्न माझ्या शमिकाताईनं विचारला. मोठ्यानं, कमरेवर हात ठेवून, दात काढून. आणि उत्तरासाठी थांबली नाही.

बस, एवढीच चूक.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी दहावीत आहे, शाळेत माझ्या थापा प्रसिद्ध आहेत, तेही कबूल. पण ही थाप नाही. यंदा नवरात्र संपल्यावर, भातकापणीच्या दिवसांत, रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत हे घडलंय. रात्री नाही, भर दुपारी. भुतं रात्रीच येतात असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या कातळावर ऐन दुपारी एकट्यानं उभं राहून दाखवावं.

तर ताई बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला केमिस्ट्रीत उडाली. तिच्या बरोबरच्या मुली पास होऊन कोण मुंबईला, कोण चिपळूणला नोकरीला लागल्या. ही पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर. आणि वर्गातल्या नव्या मुली तिला काय म्हणायच्या?

‘ताई’.

मी म्हटलं तर ठीक, मी सख्खी बहीण. पण वर्गातल्या मुलीनं “ताई, जरा सरका ना” म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबांवर तर ती दिवसरात्र धुमसत असायची. बाबा गावभर सांगत सुटले होते, “शमी कसल्याशा मोठ्या परीक्षेचा अभ्यास करतेय.” आमच्या घरात ‘नापास’ ही शिवी झाली होती.

त्या दिवशी कॉलेज लवकर सुटलं. वर्गातल्या मृणाली आणि संस्कृती आमची वाडी बघायला तिच्यासोबत आल्या. एसटीतून उतरलं की कातळावरची पायवाट, आणि वाटेत आंब्याखाली राखणदाराचा, म्हणजे वाडी सांभाळणाऱ्या देवाचा, दगड.

“ताई, ह्याला कौल लावतात ना?” मृणालीनं विचारलं.

“गुरव लावतो. दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा. आधी उजवं पडलं तर हो. डावं पडलं तर नाही. फूल पडेपर्यंत हलायचं नाही.”

“मग विचारा की, पास होणार का.”

“नको गो मृणाली,” संस्कृती म्हणाली. “ताई टरकल्या.”

झालं. ताईनं फूल लावलं नाही, हात जोडले नाहीत. फटकन प्रश्न विचारला, पाठ फिरवली आणि चालायला लागली.

कातळावरचे किडे एकदम गप्प झाले.

गवत हलायचं थांबलं.

आणि...

टप्.

ताईच्या डाव्या कानातलं खाली पडलं होतं. फिरकी घट्ट, जागच्या जागी.

त्या दोघी हसल्या. ताईही हसली.

घरी आल्यावर ती अभ्यासाला बसली. टेबलावर दोन्ही बाजूंना पुस्तकं. वारा नाही, पंखा बंद... डावीकडचा गठ्ठा हळूच सरकला. कोणीतरी बोटानं ढकलावा तसा.

टप्. टप्. टप्.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्टँडवरची डावीकडची परीक्षानळी फुटली. कोणाचा हात लागला नव्हता. संस्कृती या वेळी हसली नाही. बाक बदलून बसली.

संध्याकाळी ताई देवापुढे दिवा लावायला गेली. मी मागेच उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिनं हात जोडले आणि डावीकडचं जास्वंद...

टप्.

तेव्हा कुठे तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. “गो बाय, कौल मागून पाठ फिरवलीस? उत्तर घेतलं नाहीस, तर ते आता तुझ्यामागून फिरणार नाय तर काय.”

बाबा झोपाळ्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. सुटका होती. तो चेहरा मी विसरणार नाही.

“आता देवच नाय म्हणतोय,” ते म्हणाले. “पुरे झालं कॉलेज. मुंबईला आत्याकडे जा, ती कुठेतरी चिकटवेल. लोकांना सांगू, शमीला नोकरी लागली.”

“लोकांना सांगू,” ताई हळूच म्हणाली. दातांवर दात.

ती त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तडक कातळावर गेली. एकटी. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, तेही एकदाच.

दगडासमोर उभी राहून ती नुसती ओरडत सुटली. “मी मस्करी केली, चुकलं. पण म्हणून माझं वर्ष घेणार? तू आणि बाबा मिळून? बोलायचंय ना, मग तोंडावर बोल.”

काही पडलं नाही.

पान नाही, काटकी नाही.

दगडापुढे कोणीतरी ठेवलेलं ओलं खोबरं तसंच होतं. त्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

तेव्हा तिला कळलं... दगड तिथं होता. राखणदार तिथं नव्हता.

मग कुठे होता?

आणि तिला गुरव आठवला. लहानपणापासून बघितलेला. गुरव उजवं-डावं ठरवतो ते देवाच्या हातावरून, आपल्या हातावरून नाही. देव आपल्याकडे तोंड करून असतो. त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो.

सगळं तिच्या डावीकडे पडलं होतं.

तो तिच्यामागून चालत असेल, ती बघते तिकडेच बघत, तर त्याचंही ते डावं. म्हणजे नाही.

आणि तिच्याकडे तोंड करून समोर उभा असेल... तर उजवं. म्हणजे हो.

म्हणजे हे दोन दिवस तो एकतर तिच्या पाठीला लागून होता, नाहीतर तिच्या तोंडासमोर. चहा पिताना. अभ्यास करताना. झोपताना.

कुठे, ते आम्हाला अजून कळलेलं नाही; ताईचा निकाल लागायचाय. आईनं नारळ दिला, गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं. तरी घरात अधूनमधून टप् होतंच. मी अजून ताईच्या समोरून जात नाही. मागूनही जात नाही. बाजूनं जाते.

पण त्या दुपारी ती परत आली तेव्हाचं सांगते. ऊन मी म्हणत होतं. ताई दारात उभी, घामानं निथळत, डोळे लाल. आई भात वाढत होती, बाबा पाटावर.

डाव्या हातातली बांगडी निसटली. टप्. ताईनं खाली बघितलंसुद्धा नाही.

ती बाबांकडे बघत होती. पण तिची नजर बाबांच्या जरा अलीकडेच थांबली होती. मग तिनं मान वळवून मागच्या रिकाम्या अंगणाकडेही एकदा बघितलं. दोन्हीकडे सारखंच. रागानं.

“मी परीक्षेला बसणार,” ती म्हणाली. “पास होईन, नाहीतर परत नापास होईन. पण पेपर मी लिहिणार, कौल नाही. आणि बाबा, यापुढे कोणी विचारलं ना, तर सांगायचं... शमी नापास झाली होती, पुन्हा बसतेय. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. आजच. वाडीत घरोघर जाऊन.”