टॉवेलाखालचे हात

आमची पहिली भेट एका खुर्चीवरून झाली. टायपिंगच्या क्लासमध्ये खिडकीजवळचा सात नंबरचा संगणक मला हवा होता, आणि नेमका त्यालाही. मी पर्स ठेवली, त्याने वही ठेवली.

"मी आधी आले," मी म्हणाले.

"बसा ना. पण ती खुर्ची कुरकुरते हां."

"कुरकुरू दे. मीही कुरकुरते."

तो हसला… आणि उगाचच, अगदी उगाचच, माझं लक्ष त्या हसण्याकडे गेलं.

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी मूळ कागदाशी ताडून पाहायचं, एक कानाही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. क्लासमधल्या मुलींनी त्याचं नावच 'छापखाना' ठेवलं होतं. तो हौसेने शिकायला आला होता, मी मात्र नाइलाजाने. न्यायालयातल्या टंकलेखकाच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. मिनिटाला चाळीस शब्द हवेत आणि माझी गाडी तिशीतच अडायची. आईने निक्षून सांगितलं होतं, "या खेपेला झालं तर झालं. नाहीतर परगावी जाऊन मामाच्या दुकानात उभं राहायचं." ते दुकान आठवलं की माझा पाय हलायला लागायचा. तसा तो एरवीही हलतोच. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही.

माझा रोग एकच, खाली कळांकडे बघायचं. क्लासच्या बाईंनी त्यावर जालीम उपाय काढला. माझ्या दोन्ही हातांवर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, "आता बघ काय बघायचंय ते! छापखाना, तू हिला उतारा वाचून दाखव. विरामचिन्हांसकट."

"सदर अर्ज मिळाल्यावर, स्वल्पविराम," त्याने सुरुवात केली. मऊ, बिनघाईचा आवाज. टॉवेलाखाली माझी बोटं दोन कळांवरचे, जागा ओळखण्यासाठी असलेले बारीक उंचवटे चाचपत राहिली, मग हळूहळू चालू लागली, मग पळू लागली.

"कळांकडे बघायचं नाही, पडद्याकडेही सारखं बघायचं नाही… मग मी बघू तरी कुठे?" एकदा मी वैतागून विचारलं.

"खिडकी आहे ना," तो म्हणाला. खिडकी त्याच्या पाठीमागे होती.

तीन आठवड्यांत माझा वेग बेचाळीसवर गेला! पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. जेवताना ताटाच्या कडेवर, झोपताना उशीवर, बोटं आपली चालूच. एकदा शेजारी झोपलेल्या वहिनीच्या पाठीवरच सुरू झाली.

"अगं, माझ्या पाठीवर कसला अर्ज लिहितेस?" वहिनी म्हणाली. "आणि कोणाच्या नावे?"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना बाईंनी माझं पान मूळ उताऱ्याशेजारी ठेवलं आणि त्यांच्या भुवया चढल्या. "इथे 'कार्यवाही' आहे, तू 'काम' लिहिलंयस. इथे 'प्रतिज्ञापत्र', तुझा नुसता 'कागद'. आणि हे वाक्य तर अख्खंच गायब!"

"मी ऐकलं तेच लिहिलं, बाई…" मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. एक अक्षर बदलू न देण्याचा पगार घेणारा हा माणूस माझ्यासाठी शब्दच्या शब्द गाळत होता.

मी त्याला जिन्यात गाठलं. रागाने माझे कान तापले होते.

"का केलंस असं?"

"अवघड शब्द आला की तुमचा पाय हलतो. खुर्ची कुरकुरते. तुम्ही ओठ चावता, डोळे भरून येतात… मला नाही बघवत."

"मग बघू नकोस!"

"ते जमलं असतं तर…" तो थांबला. "मला 'तू' म्हणालात."

"रागात म्हणाले."

"मग रागावत जा."

"चेष्टा सुचतेय? तुझ्या या दयेपायी मी तिसऱ्यांदा नापास होईन. मामाकडे जाईन. मग कोणाला वाचून दाखवशील?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्यापासून सगळं वाच," मी म्हणाले. "जसंच्या तसं. मी रडले तरी थांबायचं नाही."

तो थांबला नाही. पहिल्या दिवशी माझा वेग एकतीस निघाला आणि मी खरंच रडले. खुर्ची इतकी कुरकुरली की बाजूची मुलगी उठून दुसरीकडे गेली. तो वाचतच राहिला. फक्त पान त्याने इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कडा चुरगळली होती. मी ते पाहिलं, आणि त्या क्षणी मला तो इतका आवडला की एक ओळ चुकली. पाचव्या दिवशी अडतीस. अजून दोन कमीच.

परीक्षेत वाचून दाखवायला कोणी नव्हतं. समोर नुसता कागद. उताऱ्यात 'कार्यवाही' चार वेळा होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला हसूच फुटलं, आणि बोटं मोकळी झाली.

आठ दिवसांनी निकाल फलकावर लागला. एक्केचाळीस, उत्तीर्ण!

मी घरीसुद्धा न जाता क्लासमध्ये पळाले. तो सात नंबरशेजारी उभा होता, माझ्याइतकाच बेचैन.

"झाले पास!"

त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी पडदा त्याच्याकडे फिरवला, खुर्चीत बसले आणि टॉवेल आपणहून हातांवर ओढला.

"आज मी लिहिते, तू वाच. विरामचिन्हांसकट."

मी ना कळांकडे पाहिलं, ना पडद्याकडे. सरळ त्याच्याकडे पाहत लिहू लागले.

"'आता इथे यायला कारण उरलं नाही, पूर्णविराम,'" तो वाचू लागला. "'पण तुझा आवाज ऐकला नाही, स्वल्पविराम, तर मला दिवसभर करमत नाही, पूर्णविराम. माझ्याशी…'"

तो अडला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अवघड शब्द आला का?" मी विचारलं. "बदलून वाच मग. तुझी सवयच आहे ती."

"नाही," तो म्हणाला. "यातलं एक अक्षरही बदलणार नाही."

आणि त्याने मोठ्याने वाचलं, पार टोकाला बसलेल्या बाईंना ऐकू जाईल असं. "'माझ्याशी लग्न करशील का, प्रश्नचिन्ह.'"

मग त्याने टॉवेलाखाली हात घातला. खुर्ची कुरकुरायची थांबली, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटं स्वस्थ बसली.